‘काकोलूकीय’चा परतीचा प्रवास : एका खेळाची उत्तरकृती आणि तिचे वारसदार

व्हिडिओ गेम हा विषय भारतीय साहित्याच्या अभ्यासकांपुढे मांडताना एक शंका प्रथम उपस्थित होते. जी कृती वाचली जात नाही, हातातल्या कळींनी खेळली जाते, तिला साहित्यविचाराचे निकष लावणे कितपत सयुक्तिक ठरेल? या शंकेला सिद्धांताने उत्तर देण्यापेक्षा एका शब्दाने उत्तर देणे अधिक सोयीचे आहे. कॅनडातील माँट्रियल येथे तयार झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ या साहसखेळाच्या अखेरीस इराणचा राजपुत्र एका भारतीय राजकन्येचा निरोप घेतो. ती त्याला नाव विचारते, तेव्हा तो आपले खरे नाव न सांगता एकच शब्द उच्चारतो : ‘काकोलूकिया’. पंचतंत्राच्या वाचकाला हा शब्द अपरिचित वाटणार नाही. विष्णुशर्म्याच्या तिसऱ्या तंत्राचे नाव ‘काकोलूकीय’ असे आहे आणि त्यात कावळे व घुबडे यांच्या वैराची कथा सांगितलेली आहे.

प्रस्तुत लेखात या खेळाचा, म्हणजे एका गाजलेल्या मालिकेतील उत्तरकृतीचा, आणि तिच्या पुढील खेळांवरील प्रभावाचा विचार करावयाचा आहे. या कृतीने पुढच्या खेळांना दोन गोष्टी दिल्या. घडून गेलेला क्षण मागे फिरविण्याची क्रिया ही त्यांपैकी पहिली होय. आणि ‘तसे घडले नाही, असे घडले’ म्हणून कथा सावरून घेणारा निवेदक ही दुसरी. मूळ कृतीत या दोन्ही एकजीव होत्या. वारसदारांच्या हाती त्या बहुतांशी वेगळ्या झाल्या. यांपैकी दुसऱ्या गोष्टीचा सांभाळ करणारा एक खेळ पुण्यात तयार झाला. त्यामुळे हा विषय मराठीच्या अभ्यासकाला वाटतो तितका परका नाही.

१

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा मूळ खेळ अमेरिकेतील जॉर्डन मेकनर यांनी एकहाती रचला. १९८९ साली तो ॲपल टू या संगणकासाठी प्रसिद्ध झाला. आपल्या धाकट्या भावाच्या धावण्याउडण्याचे चित्रण करून त्यावरून मेकनर यांनी नायकाच्या हालचाली एकेका चित्राने रेखाटल्या होत्या. पडद्यावरील मनुष्याकृतीला वजन असल्याचा, उडी चुकली तर तिला खरोखर इजा होईल असा भास त्यातून उत्पन्न झाला. या खेळाचे दुसरे वैशिष्ट्य काळासंबंधी होते. कैदेत पडलेल्या नायकाने साठ मिनिटांच्या आत वजिराचा पाडाव करून राजकन्येला सोडवावयाचे. ही साठ मिनिटे खेळणाऱ्याच्या घड्याळातली खरी मिनिटे होती. प्रत्येक चूक वेळेच्या रूपाने भरावी लागे आणि गेलेला वेळ परत मिळत नसे.

या खेळाचा दुसरा भाग १९९३ मध्ये आणि तिसरा १९९९ मध्ये आला. त्यानंतर यूबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीच्या माँट्रियल शाखेने नवी रचना हाती घेतली. पॅट्रिस देझिले यांच्या दिग्दर्शनाखाली आणि मेकनर यांच्या लेखनसाहाय्याने सिद्ध झालेला २००३ चा खेळ मालिकेतील चौथा असला तरी तो मागच्या कथेचा पुढील भाग नव्हता. येथे नायक नवा आणि राज्य नवे होते. जुन्या कृतीतून त्याने एकच प्रश्न उचलला : मनुष्य आणि काळ यांचे नाते काय? मात्र त्याचे उत्तर त्याने नेमके उलट दिले. १९८९ च्या खेळात काळ परत येत नाही. २००३ च्या खेळात तो मागे फिरविता येतो. काळ नदीप्रमाणे एकाच दिशेने वाहतो ही समजूत हा राजपुत्र निवेदनाच्या आरंभीच खोडून काढतो.

उत्तरकृतीची ही तऱ्हा संस्कृतच्या अभ्यासकाला नवी वाटू नये. भवभूतीचे ‘उत्तररामचरित’ हे रामकथेचे उत्तरांग खरे. परंतु त्याच्या पहिल्या अंकात राम, सीता आणि लक्ष्मण गतायुष्यातील प्रसंगांची भिंतीवरील चित्रे पाहतात, सातव्या अंकात वाल्मीकींनी रचलेले नाटक नाटकातच सादर होते आणि शेवट मूळ उत्तरकांडाहून निराळा होतो. मागचे पुन्हा पाहणे आणि पाहता पाहता ते बदलणे हे भवभूतीच्या उत्तरकृतीचे स्वरूप आहे.

खेळांच्या जगातही उत्तरकृतीची वेगळी परंपरा आपल्याकडे आहे. गंजिफा हा पत्त्यांचा खेळ आणि त्याचे नाव दोन्ही फारसी वळणाचे. मोगल गंजिफाच्या आठ रंगांचे शहाण्णव पत्ते दशावतारी गंजिफात दहा रंगांचे एकशे वीस झाले. सावंतवाडीच्या चितारांनी जपलेली गंजिफा ती हीच. म्हैसूरचे मुम्मडी कृष्णराज वडियार (१७९४–१८६८) यांनी ‘श्रीतत्त्वनिधी’च्या कौतुकनिधी या भागात या खेळाचे अनेक नवे प्रकार नोंदवले, त्यांत काही प्रकारांचे रंग अठरापर्यंत जातात. येथे कथा पुढे जात नाही, नियम वाढतात आणि वाढलेल्या नियमांतून खेळाला नवा अर्थ येतो. काव्याची उत्तरकृती कथा बदलते, खेळाची उत्तरकृती नियम बदलते. २००३ च्या खेळाने या दोन्ही गोष्टी एकाच वेळी केल्या, आणि तेच त्याचे महत्त्व आहे.

२

खेळाचे कथानक थोडक्यात असे आहे. राजा शारमनचे इराणी सैन्य एका भारतीय महाराजाच्या राजवाड्यावर चाल करून जाते. महाराजाचाच वजीर फितूर झालेला असल्यामुळे वाडा पडतो. लुटीत राजपुत्राला एक खंजीर मिळतो आणि महाराजाची कन्या फराह बंदी होते. पुढे वजिराच्या चिथावणीवरून राजपुत्र काळाची वाळू असलेले प्रचंड घटिकापात्र त्या खंजिराने उघडतो. सारे नगर वाळूच्या राक्षसांनी भरून जाते. राजपुत्र, फराह आणि वजीर एवढेच त्यातून वाचतात. आपल्या हातून झालेला अनर्थ निस्तरण्यासाठी राजपुत्र आणि फराह एकत्र झुंजतात. अखेरीस फराहचा मृत्यू होतो. राजपुत्र तो खंजीर घटिकापात्रात पुन्हा खुपसतो, सारा काळ उलटतो आणि तो आक्रमणाच्या आदल्या रात्रीत येऊन पोहोचतो. फराह जिवंत आहे, पण ती त्याला ओळखत नाही. तिला सावध करण्यासाठी तो तिच्या महालात शिरतो आणि सर्व कथा सांगतो. आपण इतका वेळ जो खेळ खेळलो तो म्हणजे ही सांगितलेली कथा होती, हे खेळणाऱ्याला येथे उमगते.

या चौकटीमुळे खेळण्याच्या प्रत्येक क्रियेला निवेदनाचा अर्थ प्राप्त होतो. राजपुत्र दरीत पडला की खेळणाऱ्याने कळ दाबावी. खंजिरातील वाळू खर्ची पडते, काही सेकंद मागे सरतात आणि तो पुन्हा कड्यावर उभा राहतो. वाळू संपलेली असेल तर मात्र मृत्यू येतो. त्या वेळी निवेदक राजपुत्राचा आवाज ऐकू येतो : छे, तसे घडलेच नव्हते, पुन्हा सांगतो. खेळ मध्येच थांबवला तर पुढच्या वेळी येथून सांगेन असे तो आश्वासन देतो. सोडून जाऊ लागले तर कथा अपुरीच ठेवून जाऊ का, असे विचारतो. इतर खेळांत मृत्यू म्हणजे खेळणाऱ्याचा पराभव. येथे ती सांगणाऱ्याची चूक ठरते.

मराठी व्याकरणाच्या परिभाषेत ही गोष्ट फार नेमकेपणाने सांगता येते. घडलेली गोष्ट आपण स्वार्थाने सांगतो : ‘तो पडला.’ जी घडू शकली असती पण घडली नाही ती संकेतार्थाने सांगतो : ‘तो पडला असता.’ या खेळात कळ दाबताच ‘पडला’चे ‘पडला असता’ होते. पडद्यावर आपण जे डोळ्यांनी पाहिले ते निवेदनातून खोडले जात नाही. त्याचा केवळ अर्थ बदलतो आणि स्वार्थाचा संकेतार्थ होतो. खेळातील एका यांत्रिक क्रियेला क्रियापदाच्या अर्थाची जोड मिळाली, हा या कृतीचा खरा शोध म्हटला पाहिजे.

श्रोत्याची योजनाही तितकीच मार्मिक आहे. फराह स्वतः ज्या कथेत आहे तीच कथा ती ऐकते, पण तिला त्यातले काही आठवत नाही. कथेतील व्यक्तीने आपलीच कथा श्रोता होऊन ऐकणे हा रामायणाचा जुना विशेष आहे. कुशलव गातात आणि राम ऐकतो. ग. दि. माडगूळकरांचे ‘गीतरामायण’ १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झाले ते याच प्रसंगाने. त्या श्रोतृवर्गाच्या वारसांना ही रचना समजावून सांगावी लागत नाही. रामाला मात्र ओळख पटते. फराहला पटत नाही. तिला पटविण्यासाठी राजपुत्राजवळ एकच पुरावा उरतो, आणि तो म्हणजे ‘काकोलूकिया’ हा शब्द.

३

कथेच्या ओघात फराहने राजपुत्राला आपले एक गुपित सांगितलेले असते. लहानपणी भीती वाटली की डोळे मिटून हा शब्द उच्चारायचा, म्हणजे दार उघडते, असे तिला तिच्या आईने शिकवले होते. उलटलेल्या काळात हे गुपित तिने अजून कोणालाच सांगितलेले नाही. त्यामुळे राजपुत्राच्या तोंडून तो शब्द ऐकताच सांगितलेली कथा केवळ कल्पित नव्हती याची साक्ष पटते.

या शब्दाचे रूप काहीसे बदलले असले तरी त्यामागचे ‘काकोलूकीय’ लपत नाही. ज्या ग्रंथाचे ते प्रकरण आहे त्याकडे पाहिले की खेळाशी त्याचे नाते केवळ नावापुरते राहत नाही. तिसऱ्या तंत्रात घुबडांचा राजा अरिमर्दन रात्री हल्ले करून कावळ्यांचा संहार करीत असतो. कावळ्यांचा राजा मेघवर्ण आपल्या मंत्र्यांना एकेक करून विचारतो. एक संधी सुचवितो, दुसरा विग्रह, तिसरा यान, चौथा आसन, पाचवा संश्रय. वृद्ध स्थिरजीवी द्वैधीभाव सांगतो. तो स्वतःला घायाळ करवून घेऊन शत्रूच्या आश्रयाला जातो. रक्ताक्ष नावाचा घुबडांचा एकच मंत्री धोका ओळखतो, पण त्याचे कोणी ऐकत नाही. अखेरीस स्थिरजीवी आत राहून घुबडांचा दुर्ग जाळतो. बळाने न पडणारा दुर्ग आतल्या माणसामुळे पडतो, हे या तंत्राचे सार आहे. खेळातही महाराजाचा वाडा सैन्याने नव्हे, वजिराच्या फितुरीने पडतो. आणि राजपुत्र सावध करण्यास येतो तेव्हा फराह प्रथम त्याच्यावर विश्वास ठेवीत नाही. स्थिरजीवीचे कौशल्य पंचतंत्राने कावळ्यांच्या बाजूने गौरविले. खेळाने तीच घटना पडलेल्या दुर्गाच्या बाजूने पाहिली.

या सहा मंत्र्यांचे सहा सल्ले म्हणजे राजनीतीतील षाड्गुण्य होय. त्याचे शास्त्रीय विवेचन कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या सातव्या अधिकरणात येते. या अर्थशास्त्राची पोथी १९०५ साली म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात आर. शामशास्त्री यांच्या हाती आली आणि १९०९ मध्ये त्यांनी ती छापून प्रसिद्ध केली, हे येथे आठवावे. पंचतंत्राच्या कथांमागचे शास्त्र आधुनिक वाचकाला प्रथम उपलब्ध झाले ते या नगरीतून. कन्नडमध्ये अकराव्या शतकात दुर्गसिंहाने पंचतंत्र रचले, तेही विष्णुशर्म्याच्या नव्हे, तर वसुभागाच्या पाठपरंपरेवरून. एकच कथासंग्रह, परंतु सांगणारा बदलला की तंत्रांची मांडणी बदलते, हे कर्नाटकाने अशा रीतीने फार पूर्वी पाहिले आहे.

पंचतंत्राचा इराणशी असलेला संबंधही सर्वश्रुत आहे. सहाव्या शतकात खुश्रू अनुशिरवानच्या कारकिर्दीत बुर्झोय या वैद्याने ते पहलवीत नेले आणि आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फाने त्याचे अरबी रूप ‘कलीला व दिम्ना’ सिद्ध केले. कथेत कथा गुंफण्याची पद्धती या मार्गाने पश्चिमेकडे गेली. त्या वाटेवर इराण हे मधले ठाणे होते. खेळातील घटनाक्रम हीच वाट पुन्हा दाखवितो : इराणी राजपुत्र भारतातून एक शब्द घेतो आणि तो परत आणून देतो. मात्र मधल्या प्रवासात त्या शब्दाचा अर्थ गळून पडलेला आहे. फराहच्या दृष्टीने ‘काकोलूकिया’ म्हणजे केवळ मंत्राचा ध्वनी. कथाग्रंथाचे नाव दार उघडणारा मंत्र व्हावे, यात काव्य आहे; त्या मंत्राचा अर्थ भारतीय राजकन्येलाही ठाऊक नसावा, यात वास्तव आहे. भारताकडे दुरून पाहणाऱ्या कृतींत असे नेहमी घडते : नाद टिकतो आणि ग्रंथ सुटतो.

४

आता या कृतीच्या प्रभावाकडे वळू. मालिकेतच २००४ च्या पुढील भागात निवेदकाची ती चौकट बाजूस पडली. २००५ च्या भागात ती कैलीना या पात्राच्या आवाजात परत आली आणि शेवटी राजपुत्र पुन्हा फराहला कथा सांगू लागतो. २०१० मध्ये याच नावाचा चित्रपट निघाला.

मालिकेबाहेर काळ उलटविण्याची क्रिया फार दूरवर पसरली. जोनाथन ब्लो यांच्या ‘ब्रेड’ (२००८) या खेळात ती अमर्याद झाली. वाळूची मर्यादा गेली, मृत्यूचा धाक संपला आणि कोडे सोडविण्याचे साधन म्हणून काळ वापरला जाऊ लागला. त्याच वर्षीच्या ‘ग्रिड’ आणि पुढील वर्षीच्या ‘फोर्झा मोटरस्पोर्ट ३’ या मोटारशर्यतीच्या खेळांत गाडी आदळली की काही क्षण मागे जाण्याची सोय आली. येथे कथा नाही, श्रोता नाही, संकेतार्थही नाही. उरली ती चूक पुसण्याची सुविधा. ‘लाइफ इज स्ट्रेंज’ (२०१५) या फ्रेंच खेळाने मात्र या क्रियेला नैतिक वजन दिले. त्यातील विद्यार्थिनी बोललेले शब्द मागे घेते, निर्णय बदलते आणि प्रत्येक बदलाची किंमत नंतर मोजते. बोललेला शब्द मागे घेता येत नाही हा आपला लोकसमज या खेळाने उलटा करून पाहिला आहे.

निवेदकाचा वारसा दुसऱ्या वाटेने गेला. देझिले यांच्याच नेतृत्वाखाली याच मालिकेचा पुढील भाग म्हणून सुरू झालेले काम स्वतंत्र होऊन ‘असॅसिन्स क्रीड’ (२००७) या खेळात परिणत झाले. तेथे आधुनिक काळातील एक मनुष्य यंत्राच्या साहाय्याने पूर्वजाच्या स्मृती जगतो. खेळणाऱ्याने निरपराध माणसाला मारले की यंत्र बजावते की पूर्वजाने असे केले नव्हते. राजपुत्राचे ‘तसे घडलेच नव्हते’ हे वाक्य येथे यंत्राच्या तोंडी गेले आहे. सांगणारा मनुष्य जाऊन नोंदवही आली, असे म्हणता येईल. ‘बॅस्टियन’ (२०११) या छोट्या खेळात मानवी निवेदक पुन्हा आला. खेळणारा जे करील ते तत्क्षणी भूतकाळात सांगणारा तो वृद्ध आवाज आहे. पण तेथे खेळणाऱ्याच्या हाती क्षण मागे फिरविण्याची शक्ती नाही.

अशा रीतीने एका कृतीतील क्रिया आणि वाणी पुढे विभक्त झाल्या. ज्यांनी हात घेतला त्यांनी बहुधा मुख सोडले आणि ज्यांनी मुख घेतले त्यांनी हात सोडला. क्रिया सहज उसनी घेता येते, कारण तिला भाषा लागत नाही. निवेदकाला मात्र भाषा, श्रोता आणि परंपरा लागते.

५

‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेंडो स्विचवर आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अन्य यंत्रांवर प्रसिद्ध झाला. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा त्याचा प्रयत्न यशस्वी झाला नव्हता. तरीही निर्मात्यांनी काम सोडले नाही. राजी ही कसरती करणारी मुलगी. तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, असुर पळवून नेतात आणि देवांच्या कृपेने शस्त्र मिळालेली राजी महाबलासुराच्या शोधात निघते. भिंतीवरून धावणे, खांबावरून खांबावर झेप घेणे, कड्याला लोंबकळणे या तिच्या हालचालींत इराणी राजपुत्राचे ऋण उघड दिसते.

काळ उलटविण्याची शक्ती मात्र राजीजवळ नाही. त्याऐवजी या खेळाने निवेदन घेतले आणि ते दोन आवाजांत वाटून दिले. दुर्गा आणि विष्णू राजीचे साहस पाहतात आणि आपसांत बोलतात. एकाच्या शंकेला दुसरा उत्तर देतो. निवेदन संवादरूप होताच आपण महाभारताच्या आणि पुराणांच्या परिचित प्रदेशात येतो. तेथे कथा नेहमी कोणीतरी कोणाच्या तरी प्रश्नावरून सांगत असतो. वाटेत लागणाऱ्या भिंतीचित्रांतून देवांच्या कथा उलगडतात आणि मधले कथाभाग छायाबाहुल्यांच्या रूपाने येतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी गावातील ठाकर समाजाने चित्रकथीच्या पोथ्या आणि चामड्याच्या बाहुल्या या दोन्ही कला एकत्र जपल्या आहेत. कर्नाटकात तोगलु गोंबेयाट्ट ही त्यांची सख्खी बहीण. चित्र पुढे धरायचे आणि कथा मुखाने सांगायची ही त्यांची रीत राजीच्या रचनेला जवळची आहे.

मराठी नाटकाच्या इतिहासात याहूनही नेमका दाखला सापडतो. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले, ते कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीच्या अधिपतींनी पाहिल्यानंतर. त्या नाटकांत सूत्रधार पदे गाऊन कथा पुढे नेई आणि नट आपापली भाषणे आयत्या वेळी स्वतःच रचीत. निवेदन निश्चित आणि कृती मोकळी, हा त्या रंगभूमीचा करार होता. व्हिडिओ गेमचा करारही हाच आहे. निवेदकाची वाक्ये आधी ठरलेली असतात, पण उडी केव्हा मारावी, कोणत्या शत्रूला आधी गाठावे, हे खेळणारा आयत्या वेळी ठरवितो. भाव्यांच्या नटाने भलतेच काही बोलून ठेवले तर सूत्रधाराला पदाने सावरून घ्यावे लागे. राजपुत्राचे ‘तसे घडलेच नव्हते’ हेही तसेच सावरणे आहे. छापील संहितेचे नाटक आल्यावर हा करार मागे पडला. नव्या माध्यमात तो पुन्हा उभा राहिला आहे, आणि म्हणूनच नाट्येतिहासाच्या अभ्यासकाला येथे बोलण्याचा अधिकार आहे.

६

मूळ कृतीचा मार्ग याच सुमारास महाराष्ट्राकडे वळला. १० सप्टेंबर २०२० रोजी यूबिसॉफ्टने ‘द सँड्स ऑफ टाइम’च्या नव्या आवृत्तीची घोषणा केली आणि ते काम कंपनीच्या पुणे व मुंबई येथील शाखांकडे असल्याचे सांगितले. ज्या खेळाचा आरंभ भारतीय महाराजाच्या राजवाड्यात होतो तो नव्याने घडविण्याचे काम भारतातील कलावंतांकडे आले. प्रकाशनाची जानेवारी २०२१ ही तारीख प्रथम मार्चपर्यंत आणि मग अनिश्चित काळापर्यंत पुढे गेली. मे २०२२ मध्ये काम माँट्रियलकडे परत गेले. जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने आपल्या फेररचनेत हा प्रकल्पच रद्द केला.

या घटनेचा आर्थिक अर्थ व्यवसायातील जाणकार लावतील. साहित्याच्या दृष्टीने तिचा अर्थ निराळा आहे. पुनर्निर्मिती म्हणजे एक प्रकारचे भाषांतरच असते. मूळ कृतीत ज्या शब्दाचा अर्थ गळून पडला होता तो जेथे अजून शाळकरी मुलांच्या गोष्टींतून परिचित आहे, अशा भूमीत ती कृती पुन्हा रचली जात होती. ‘काकोलूकिया’चे पुन्हा ‘काकोलूकीय’ करणे ही एका कोशकाराची हौस ठरली नसती. फराहच्या आईने मुलीला कोणती कथा सांगितली होती हे त्यातून कळू शकले असते. अर्थशून्य मंत्राला त्याची कथा परत मिळण्याचा तो प्रसंग होता.

‘राजी’ने या प्रश्नाचा अर्धा भाग सोडविला, अर्धा बाकी ठेवला. कथा आपली, देव आपले, चित्रशैली आपली. परंतु त्यातील दुर्गा आणि विष्णू मूळ खेळात इंग्रजीत बोलतात. पुढच्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आला, ही स्वागतार्ह पायरी म्हटली पाहिजे. निवेदक ज्या भाषेत चूक सावरतो ती भाषा त्या खेळाच्या रचनेचा भाग असते. ‘पडला’चे ‘पडला असता’ करणारी मराठी, ऐकीव गोष्टीवर ‘म्हणे’चा शिक्का मारणारी मराठी, कीर्तनात पूर्वरंगाचा सिद्धांत उत्तररंगातील आख्यानाने पटविणारी मराठी : या भाषेजवळ निवेदकाची अवजारे भरपूर आहेत. ती अजून या माध्यमात घासूनपुसून वापरायची आहेत.

अभ्यासकांकडून या बाबतीत अपेक्षा दोन आहेत. एक, अशा कृतींची नोंद ठेवावी. पोथी जीर्ण झाली तरी वाचता येते. यंत्र कालबाह्य झाले की त्यावरचा खेळ वाचताच येत नाही, आणि रद्द झालेल्या आवृत्तीचे तर काहीच उरत नाही. दुसरी, कथनमीमांसेची आपली परिभाषा (आख्यान, सूत्रधार, गर्भांक, संकेतार्थ) या कृतींना लावून पाहावी. ती लागू पडते किंवा कोठे अपुरी पडते, हे दोन्ही निष्कर्ष सारखेच उपयोगाचे आहेत. पंचतंत्राने राजपुत्रांना नीती शिकविण्यासाठी गोष्टीचा खेळ मांडला होता. आज खेळातून गोष्ट सांगितली जात आहे, आणि ती ऐकणारी एक पिढी आपल्याच वर्गांत येऊन बसलेली आहे. त्या पिढीला ‘काकोलूकिया’ हा मंत्र ठाऊक आहे. त्यामागची कावळ्याघुबडांची कथा तिच्यापर्यंत पोहोचविण्याचे काम भाषेच्या अभ्यासकांचे आहे.